ठाकुरापुढे ठेवलेला टेकू

माझा जन्म इथलाच, कलकत्त्याचा. वडील वऱ्हाडातून इथे एका शाळेत गणित शिकवायला आले आणि राहिले, बालीगंजला भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं सगळं झालं, माझी मुंज, बहिणीचं लग्न, वडिलांचं जाणं, मग आईचं. बहीण नागपुरात दिली, ती दिवाळीला पत्र पाठवते. मी लग्न केलं नाही, म्हणजे करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. इथली मराठी मंडळी गणपतीत भेटली की म्हणतात, श्रीधरपंत, तुमच्या मराठीला माशाचा वास येतो हो. आणि कामावर मी मराठीबाबू. लहानपणापासून बांगला बोलतो, त्यांच्यासारखंच बोलतो, तरी मराठीबाबू. आता तुम्ही विचारलंत की सांगा तुमच्या कामाचं काहीतरी, म्हणून सांगतोय, नाहीतर मी फार बोलणारा माणूस नव्हे. आणि कामाचं सांगायचं म्हटलं तर मग ते सगळंच सांगावं लागेल, ते टाळून सांगण्यासारखं काही उरत नाही.

डिप्लोमा केला आणि खिदिरपूरला गोदीजवळच्या एका चहाच्या गोदामात देखभालीच्या कामाला लागलो. चहाच्या पेट्या बागांतून यायच्या, आमच्याकडे उतरायच्या, मग जहाजावर. पूर्वी सगळं पाठीवर चालायचं. साठ सालानंतर मालकांनी बाहेरून दोन लिफ्टा मागवल्या. लिफ्ट म्हणजे इमारतीतली खोलीसारखी नाही, तर खाली लोखंडी हातांची फुली, वर सपाट फलाट, पंपाने तेल दाबलं की ती फुली उघडत जाते आणि फलाट पेट्यांसकट वर चढतो. कात्रीसारखी दिसते म्हणून मजूर तिला कैंची म्हणत. मोठी कैंची आणि छोटी कैंची. त्या दोघी माझ्या ताब्यात आल्या आणि काय सांगू तुम्हाला, घरात कुणी नव्हतं ना, मी त्यांच्यात जीव घातला.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी कैंचीभोवती एक फेरी मारायचो. जमिनीवर तेलाचा डाग आहे का, रबरी नळी कुठे फुगली आहे का, सांध्यांच्या पिना जागेवर आहेत का, कठडा हलतोय का. मग रिकामाच फलाट वर न्यायचा, कान देऊन ऐकायचं, अर्ध्यावर थांबवायचा आणि फलाटाच्या कडेशी भिंतीवर खडूने रेघ मारायची. मग चहा प्यायला जायचं. परत येऊन बघायचं, फलाट रेघेवरच असेल तर ठीक, रेघेखाली उतरला असेल तर समजायचं की झडप तेल धरत नाही, आतून झिरपतंय. आणि मग कुणीतरी खाली शिरायचं आणि झडप बघायची. खाली शिरायचं म्हणजे त्या उघड्या कात्रीच्या पोटात. म्हणून तिथे टेकू लावायचा. पोलादी जाड दांडा होता, दोन्ही टोकांना खाचा, तो फुलीच्या हातांमध्ये बसवला की तेल सगळं सांडून गेलं तरी फलाट खाली येणार नाही. माझा एकच नियम होता, टेकू मी माझ्या हाताने लावीन, वर लाथ मारून बघीन आणि मग म्हणेन, जा. मी जा म्हटल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही. मजूर मला टेकूबाबू म्हणायला लागले. हसायचे. म्हणायचे, टेकूबाबूचं लग्न कसं होईल, नवरी मांडवात उभी राहिली की हा आधी भिंतीवर खडूची रेघ मारील, चहा पिऊन येईल आणि बघेल की ती किती खाली बसली.

ही थट्टा निमाईदाची. निमाई आमचा मिस्त्री, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, सोनारपूरच्या बाजूला राहायचा, सियालदहच्या लोकलने यायचा, उंच, पान खाऊन लाल झालेले दात, आणि हात असे की अंधारात नट चाचपून सांगेल किती सैल आहे. मला तो श्रीधर म्हणायचा, नुसतं श्रीधर, बाबू नाही की साहेब नाही. साऱ्या कलकत्त्यात मला नावाने हाक मारणारं आई गेल्यावर कोण होतं? तोच एक. दुपारी डबा तो माझ्यासमोर ठेवायचा, म्हणायचा, खा, तुझ्या त्या वरणभाताने अंगात तेल कसं टिकणार, तुझीच झडप झिरपते. रविवारी कधी कधी त्याच्या घरी, त्याच्या पोराबाळांत नेत असे. बौदी, म्हणजे त्याची बायको, मला पहिल्यांदा माशाचं कालवण वाढताना म्हणाली होती, काटे बघून खा हो ठाकूरपो, तुमच्या देशात समुद्र आहे म्हणतात आणि तुम्ही असे मासा बघून घाबरता. मी म्हटलं, बौदी, आमच्या गावापासून समुद्र दोन दिवसांवर आहे. ती इतकी हसली. दिराला ठाकूरपो म्हणतात ते लोक. मी दीर झालो होतो त्या घरचा.

तर विश्वकर्मा पूजा. तुम्ही नवीन आहात इथे, तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, बंगाली भाद्रपदाच्या शेवटी ही पूजा येते आणि त्या दिवशी कलकत्त्यातलं एकही यंत्र चालत नाही. कारखाने, रिक्षा, छापखाने, सगळं धुऊन पुसून, रंग देऊन, शेंदूर लावून उभं. आकाशात नुसते पतंग. हत्यारं ठाकुरापुढे, म्हणजे देवाच्या मूर्तीपुढे, मांडायची, पाने, हातोडे, आणि एकदा मांडली की ठाकुराचं विसर्जन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे विसर्जन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायचं, पण मांडलेलं हत्यार तसंच राहायचं, लागलं तर दुसरं घ्यायचं. दर वर्षी मी त्या दिवशी दाराशी उभा राहायचो. कुणी नको म्हणत नव्हतं, पण या असंही कुणी म्हणत नव्हतं. प्रसाद हातात मिळायचा, मी घरी जायचो.

त्या वर्षी, सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट, निमाईदाने सगळ्यांना सांगितलं, टेकूबाबू उभा का राहतो, आपली हाडं शाबूत आहेत ती कुणामुळे? यंदा टेकू ठाकुरापुढे ठेवायचा, आणि तो श्रीधरच ठेवेल. मग त्यांनी मला बसवलं. पाटावर, पुरोहिताशेजारी. मी नवीन शर्ट घातला होता, आदल्या दिवशी मुद्दाम घेतला होता. टेकूला लाल रंग दिला होता त्यांनी, वर झेंडूची माळ. मी दोन्ही हातांनी तो उचलून ठाकुराच्या पायाशी ठेवला, पुरोहिताने त्यावर शेंदूर लावला, बायका नव्हत्या तिथे तर मजुरांनीच तोंडाने उलू काढली, म्हणजे तो जिभेचा मंगल आवाज, आणि सगळे हसले. मग पंगतीत बसून खिचुडी खाल्ली, छपरावर चढून पतंग उडवला, मला उडवता येत नव्हता तर निमाईदाने मागून माझा हात धरला. मी त्या दिवशी इतका सुखी होतो की घरी आल्यावर मला वाटलं आईला सांगावं, आणि मग आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी कैंची वर घेतली, रेघ मारली, चहा पिऊन आलो, तर फलाट दोन बोटं खाली. बाहेर पेट्यांच्या लॉऱ्या रांगेत उभ्या, जहाजाची वेळ ठरलेली, मॅनेजर वरच्या जिन्यातून ओरडतोय, हालदारबाबू त्याचं नाव, काय रे, तुमचा ठाकूर अजून झोपलाय का? मी म्हटलं झडप बघावी लागेल. आणि मी टेकू आणायला वळलो.

टेकू ठाकुरापुढे होता. त्यावर माळ, शेंदूर, आणि मी स्वतः ठेवलेला. मजूर सगळे तिथेच उभे. एकानेसुद्धा म्हटलं नाही की हात लावू नका. पण ते बघत होते, आणि मला त्यांची नजर कळत होती, मी तिथलाच ना. मी पुढे गेलो असतो, ठाकुराला नमस्कार केला असता, माळ बाजूला काढून टेकू उचलला असता, तर काय झालं असतं? थोडी कुजबुज झाली असती. मी पुन्हा मराठीबाबू झालो असतो. एवढंच. कदाचित तेही नाही. निमाईदानेच म्हटलं असतं, ठाकूर समजून घेतील. पण मी हललो नाही. दुसरे लाकडी ठोकळे मागच्या खोलीत कुलपात होते, किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर होता. कुलूप तोडता आलं असतं. तेही मी म्हटलं नाही.

मी कालच्याच शर्टात खाली शिरायला वाकलो तर निमाईदाने मला दंडाला धरून मागे ओढलं, म्हणाला, नवीन शर्ट आहे, हो बाजूला, मी बघतो, तू वरचं बटण सांभाळ. आणि मग तो थांबला. कैंचीच्या तोंडाशी उकिडवा बसून त्याने माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, टेकू?

हे लक्षात घ्या. त्याने विचारलं होतं.

मी म्हटलं, राहू दे, ठाकूर अजून बसलेत, दोन मिनिटांचं काम आहे. जा.

तो गेला. मी जा म्हटलं म्हणून गेला, कारण इतकी वर्षं माझं जा म्हणजे जा होतं. त्याने झडपेचा नट सैल केला आणि आत काय तुटलं कोण जाणे, तेल उसळलं आणि फलाट खाली आला. धाडकन नाही हो, लोकांना वाटतं धाडकन. एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज करत आला. निमाईदाने अंग बाहेर फेकलं पण उजवा हात आत राहिला, फुलीच्या दोन हातांमध्ये. लॉरीचे जॅक लावून फलाट उचलायला बराच वेळ गेला. तो ओरडला नाही फारसा. मला म्हणत होता, श्रीधर, तुझ्या बौदीला कुणी एकदम सांगू नका. हात कोपराच्या वरून काढावा लागला.

मग चौकशी आली. सरकारी साहेब होते, सभ्य माणूस, समोर बसवून त्यांनी विचारलं, टेकू न लावता माणूस आत कसा गेला, त्याला कुणी जा म्हटलं? बाहेर मजूर बसले होते. त्यांच्यापैकी कुणाला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पंपाचा आवाज होता. मी म्हटलं, मला आठवत नाही. खोटं बोलावं असं ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून आलं. साहेब म्हणाले, आठवून पाहा. मी म्हटलं, खरंच आठवत नाही, त्या गडबडीत काय बोललो काय नाही, डोकं सुन्न झालंय. ते म्हणाले, होतं असं.

इस्पितळात मी एकदाच गेलो. निमाईदा उशीला टेकून बसला होता, बौदी संत्रं सोलत होती. मला बघून म्हणाला, ये, बस. तुला म्हणे काही आठवत नाही? मी खाली बघितलं. तो म्हणाला, नाही आठवत ते बरंय. नको आठवूस. मी साहेबांना सांगितलंय, माझा मी गेलो. बौदीने संत्र्याच्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि मी त्या खाल्ल्या. मला वाटलं, याला सगळं ठाऊक आहे, मी खोटं बोललो हेही ठाऊक आहे, आणि हा मला पाठीशी घालतोय. ती माफी समजून मी ती घेतली, आणि घेतल्यावर मला त्याचं तोंड बघवेना. पुन्हा गेलो नाही. तो कामावर परतला नाही. त्याच्या घराजवळ त्याने छोटं दुकान टाकलं असं कानावर आलं, साबण, तेल, मुलांच्या वह्या. बौदीने दोनदा निरोप पाठवला, ठाकूरपो येत का नाहीत? मी काम आहे म्हणून सांगितलं. बालीगंज स्टेशनवर सोनारपूरची गाडी लागली की मी तोंड फिरवून उभा राहायचो. डबा एकटा खायचो. नवीन मिस्त्री आला, चांगला मुलगा, तो मला सर म्हणतो. बोलायला कुणी राहिलं नाही, आणि खरं म्हणजे बोलण्यासारखी गोष्ट एकच होती.

गेल्या हिवाळ्यात मालकांनी माझा सत्कार केला. गोदामात सगळ्यांना जमवलं, शाल, हार. हालदारबाबू आता म्हातारे झालेत, ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, श्रीधरबाबूंच्या हाताखाली इतक्या वर्षांत कुणाचं बोटही चेपलं नाही, एकदाच काय तो अपघात झाला, तोही एका मिस्त्रीने यांचं न ऐकता आत शिरण्याचा मूर्खपणा केला म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुन्यांपैकी तिघं-चौघं होते, त्यांनीही वाजवल्या. मीही हात जोडले हो. मूर्खपणा म्हणाले ते त्याला, आणि मी गळ्यात हार घालून हात जोडले.

पाहुणे गेल्यावर मी हालदारबाबूंच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, त्याने मला विचारलं होतं, मी जा म्हटलं होतं. ते म्हणाले, अहो, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता, चहा घ्या. चहा मागवलासुद्धा त्यांनी. मी न घेता निघालो.

त्या रविवारी सोनारपूरची गाडी पकडली. दुकान स्टेशनपासून फार लांब नाही. निमाईदा फळीवर बसला होता, केस सगळे पांढरे, एका गिऱ्हाइकाला डाव्या हाताने साबण बांधून देत होता, कागद दातात धरून. मला बघून कागद तोंडातून पडला. म्हणाला, अरे श्रीधर! आणि आत ओरडून बौदीला, अगो, बघ कोण वाट चुकलंय! बौदी आली, पदर सावरत म्हणाली, आता आलात होय ठाकूरपो, मासे महाग झाल्यावर? दोघंही हसत होते. मला बसायला स्टूल दिलं. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं, न बोलताच जेवून परत जावं. इतकं सोपं होतं ते. बौदी आत चूल पेटवायला गेली.

मी म्हटलं, निमाईदा, तू टेकू विचारलास तेव्हा मी राहू दे म्हटलं होतं. मला आठवतंय. तेव्हाही आठवत होतं.

एक बाई तेल घ्यायला आली, तिला त्याने तेल दिलं. ती गेल्यावर हळूच म्हणाला, तेव्हाही आठवत होतं?

मी हो म्हटलं.

तो म्हणाला, साहेबांनी मला इस्पितळात येऊन सांगितलं की तुमच्या बाबूला धक्का बसलाय, त्यांना काही आठवत नाही. मला खरं वाटलं. मला वाटलं, या पोराला घरी कुणी नाही, एकटा आहे, कधी आठवलं तर हा जीव देईल. म्हणून मी माझ्यावर घेतलं. म्हणून तुझ्या बौदीलासुद्धा खरं सांगितलं नाही. तू आला नाहीस तरी मी म्हणायचो, बरं आहे, मला बघून त्याला आठवेल. मी कधी रागावलो नाही रे तुझ्यावर. एक दिवससुद्धा नाही.

आतून मोहरीच्या तेलाचा वास यायला लागला. मी म्हटलं, निमाईदा, काहीतरी बोल, शिवी दे. तो म्हणाला, काय बोलू? इतकी वर्षं मनात मी एका श्रीधरला सांभाळत होतो, तो नव्हताच. तू आता जा. मी म्हटलं, पुन्हा येऊ? तर म्हणाला, मी बोलावीन तेव्हा ये. तुझ्या बौदीला मी सांगतो काहीतरी.

मी जा म्हटल्यावर तो गेला होता, तसा तो जा म्हणाल्यावर मी निघालो. मागून बौदीचा आवाज आला, अहो, कालवण झालं की, कुठे निघालात? त्याने तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

त्याला आता पाचेक महिने झाले. बोलावणं आलेलं नाही, आणि मला वाटतं येणारही नाही. मी काही पुन्हा जाणार नाही, बोलावीन तेव्हा ये म्हणाला आहे, ते तरी मला पाळू दे. एखाद्या वेळी वाटतं, गेलो नसतो तर निदान एका माणसाच्या मनात तरी मी भला होतो, आणि तोही सुखात होता. मग वाटतं, नाही, तो हात त्याचा गेलाय, त्याचा राग माझ्याकडे अडकून पडला होता, तो त्याला द्यायलाच हवा होता. तुम्ही हे लिहून घेतलंत, माझं नाव घालायचं तर घाला, पण त्याने मला विचारलं होतं हे वाक्य गाळू नका. आता त्याला मनसोक्त रागावता येऊ दे. बौदीजवळ बोलून मन मोकळं करू दे. दुकान चांगलं चालू दे त्याचं, पोरांचं भलं होऊ दे, त्या एका हाताला कधी काही न होवो. माझं काय, मी आहे.